न दाखवलेला शब्द आणि मेंदूची लहर : एका ईईजी प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

प्रस्ताव मंजूर झाला. पुढे आकडेमोडीच्या रगाड्यात हरवू नये म्हणून प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते. माणूस छातीठोकपणे सांगतो, 'हा शब्द मघाशी होता.' प्रत्यक्षात तो त्याला दाखवलेलाच नसतो. अशा वेळी त्याच्या मेंदूतून येणारी विद्युत लहर खऱ्या आठवणीच्या लहरीसारखीच असते, की कुठेतरी वेगळी पडते?

प्रयोगाची मूळ पद्धत साधी आहे. आधी शब्द दाखवायचे, थोड्या वेळाने जुने-नवे मिसळून एकेक पडद्यावर आणायचा आणि विचारायचं, होता का? बरोबर ओळखलेल्या जुन्या शब्दांची सरासरी लहर नव्या शब्दांपेक्षा धन बाजूला सरकते. हा फरक १९८० पासूनच्या कितीतरी प्रयोगांत दिसलेला आहे. तो दोन टप्प्यांत येतो. शब्द दिसल्यावर ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान कपाळामागच्या मधल्या भागावर, आणि ५०० ते ८०० च्या दरम्यान डोक्याच्या डाव्या, मागच्या-वरच्या म्हणजे पार्श्विका भागावर. पहिला टप्पा नुसतं ओळखीचं वाटण्याचा आणि दुसरा प्रसंगासकट आठवण्याचा, असं बरेच संशोधक मानतात. जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे : रोजचा खाटीक बसमध्ये भेटतो, चेहरा नक्की ओळखीचा वाटतो, पण हा माणूस कोण, कुठला, ते काही केल्या आठवत नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतलं हे अंतर ईईजीत, म्हणजे टाळूवर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत, वेळेनुसार आणि जागेनुसार पकडता येतं, म्हणून मला हे काम प्रिय आहे.

आराखडा फाबियानी, स्टॅडलर आणि वेसल्स यांच्या २००० सालच्या प्रयोगावरून घेतला आहे. त्यांनी प्रत्येक यादी पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या अर्ध्या भागात दाखवली. चाचणीच्या वेळी शब्द मधोमध आणले, तरी खरोखर पाहिलेल्या शब्दांच्या लहरीत कुठल्या बाजूला पाहिलं होतं त्याचा माग राहिला होता. न दाखवलेल्या पण 'ओळखलेल्या' शब्दांत तो नव्हता. हे मराठी शब्दांवर, देवनागरीत करून पाहायचं.

१२ जून

याद्यांचं काम सुरू. खोटी ओळख घडवून आणायची युक्ती जेम्स डीझ यांची, १९५९ मधली. रोडिगर आणि मॅकडर्मॉट यांनी १९९५ मध्ये ती पुन्हा उजेडात आणली. एकाच गोष्टीभोवतीचे शब्द द्यायचे आणि मधली गोष्ट वगळायची. मांडव, अक्षता, मुंडावळ्या, सनई, आंतरपाट, मंगलाष्टका, रुखवत, वऱ्हाड, हळद, बोहलं. 'लग्न' मात्र यादीत नाही. पुढे विचारलं की माणसं 'लग्न होता की!' म्हणतात.

इंग्रजी याद्यांचं भाषांतर करून भागणार नव्हतं, हे उघड आहे. म्हणून कॉलेजच्या मुलांना कागद वाटले : 'मांडव' वाचल्यावर पहिल्यांदा काय सुचतं? 'गोधडी' वाचल्यावर? महत्त्वाची दिशा ही आहे. यादीतल्या शब्दावरून वगळलेला शब्द किती सहज सुचतो यावर सापळा लागतो, उलट दिशेवर तितका नाही. थंडीची यादी सुरेख जमली : शेकोटी, गोधडी, कानटोपी, हुडहुडी, धुकं, गारठा, स्वेटर, शाल. 'काटा' काढून टाकला. अंगावरचा, बाभळीचा, वजनाचा आणि घड्याळाचा, इतक्या ठिकाणी तो लागू पडतो की लहर कशाची आलीय ते सांगता येणार नाही.

एका यादीतून एकच शब्द वगळला तर सरासरीला पुरेशा चाचण्या, म्हणजे एकेका शब्दावरच्या एकेक नोंदी, मिळत नाहीत. म्हणून २४ याद्या, प्रत्येकी १२ शब्द दाखवायचे आणि तीन वगळायचे. फसवे शब्द ७२ झाले. शिवाय कुठल्याच यादीशी नातं नसलेले नवे शब्द वेगळे.

२१ जून

पडदा. प्रयोगाच्या सॉफ्टवेअरने 'आंतरपाट' नीट दाखवला, पण 'वऱ्हाड'चा ऱ्ह मोडला आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसला. फॉन्टशी झटापट करण्यापेक्षा प्रत्येक शब्दाचं चित्रच करून घेतलं. सगळ्या चित्रांत एकच टाइप, एकच उंची.

बाजूला दाखवायचं म्हणजे डोळा हलायच्या आत शब्द जायला हवा. नजर वळायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणून शब्द १५० मिलिसेकंदच ठेवला. नजर खिळवायला पडद्याच्या मधोमध ठेवलेल्या फुलीपासून शब्दाची आतली कड नेहमी सारख्याच अंतरावर हवी. नाहीतर 'मंगलाष्टका' फुलीला चिकटेल आणि 'शाल' लांब राहील.

लॅबमधल्या दादांनी पडद्याच्या कोपऱ्यावर उजेड टिपणारा फोटोडायोड चिकटवून दिला. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. संगणक 'दाखवला' म्हणतो आणि पडद्यावर प्रत्यक्ष उजेड पडतो, यात फरक निघाला, पण तो दर वेळी तेवढाच होता. असा फरक वजा करता येतो. तो कमी-जास्त होत राहिला असता तर सरासरीची धार गेली असती.

४ जुलै

नैतिकता समितीपुढे आज बराच वेळ गेला, आणि तो कारणी लागला.

समितीतल्या वकील सदस्यांनी शांतपणे विचारलं, "ही नोंद उद्या कुणी पोलीस ठाण्यात मागितली, तर तुम्ही काय सांगणार? पुण्यात हे विचारावंच लागेल."

ते खरंच आहे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, त्या निकालात ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर म्हणजे बीईओएस चाचणीचा आधार घेतला होता. चाचणी मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झाली होती. पद्धत चंपाडी रामन मुकुंदन यांची. ते आधी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेत होते. संशयिताने डोळे मिटून गप्प बसायचं, कानावर एकामागून एक विधानं पडत राहतात, 'मी अमुक विकत घेतलं', 'मी तमुक ठिकाणी गेले', आणि यंत्राने सांगायचं की हे त्या व्यक्तीने स्वतः अनुभवलंय की नुसतं ऐकलंय.

५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि कलम २१ च्या व्यक्तिस्वातंत्र्यालाही अशा सक्तीने धक्का बसतो. पण स्वखुशीने चाचणी द्यायचा रस्ता उघडाच आहे. कोठडीत बसलेल्या माणसाची खुशी म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

समितीला मी सांगितलं ते इथेही लिहिते. आमची लहर एका माणसाची, एका प्रश्नाची नसते. ती डझनावारी चाचण्यांची आणि बऱ्याच माणसांची सरासरी असते. आणि माझ्या प्रकल्पाचा प्रश्नच हा आहे की न घडलेली गोष्ट 'आठवणाऱ्या' माणसाची लहर कशी दिसते. ती खऱ्यासारखीच निघाली, तर त्या लहरीवरून कुणाला तुरुंगात टाकणं म्हणजे अन्याय आहे.

संमतीपत्र पुन्हा लिहायचं ठरलं. 'मेंदूचं संशोधन' असलं मोघम काही नको. नोंद कुठे राहील, नाव कधी वेगळं केलं जाईल, आणि या नोंदीवरून कुणाच्या मनातलं काही वाचता येत नाही, हे साध्या मराठीत.

१८ जुलै

पहिल्या नोंदी. फोनवर आधीच सांगावं लागतं : येताना केस शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका. तरी निम्म्या लोकांच्या डोक्याला खोबरेल असतंच, सवयच ती. टाळू आणि इलेक्ट्रोड यांच्यात तेलाचा थर आला की संपर्क बिघडतो. बेसिनपाशी शाम्पू, टॉवेल आणि ड्रायर कायमचे ठेवले आहेत.

इलेक्ट्रोडची टोपी घालणं हे अर्धं काम. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, मग एका कानासमोरून दुसऱ्या कानासमोर. दोन्ही रेघांच्या मध्यावर सीझेड, म्हणजे डोक्याच्या मधोमधचा इलेक्ट्रोड. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली, इलेक्ट्रोडच्या जागा ठरवायची दहा-वीस पद्धत आजही अशी टेपनेच सुरू होते. मग प्रत्येक भोकातून केस बाजूला सारून जेल सोडायचं. आजच्या मुलीने सिरिंज पाहून खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ताई, टोचणार का?"

"नाही गं. टोक बोथट आहे, आधी तुझ्या हातावर लावून बघ."

तिने बोटाने टोक दाबून पाहिलं आणि मग खांदे सैल सोडले. खांदे सैल पडणं आम्हाला हवंच असतं. जबडा आवळलेला असला की कानाजवळच्या इलेक्ट्रोडवर स्नायूंचं काहूर उठतं आणि त्याखाली काही दिसत नाही.

लांब, दाट केसांच्या बायकांना जास्त वेळ लागतो. अंबाडा सोडून खाली सैल वेणी घालायला सांगते, कारण अंबाड्यामुळे टोपी मागून उचलली जाते आणि नेमके मागचे इलेक्ट्रोड अधांतरी राहतात. वेळ वाचवायला अशा बायकांना टाळायचं, हे मी होऊ देणार नाही. मराठी माणसांच्या स्मृतीचा अभ्यास म्हणायचं आणि लांब केसांची बाई वगळायची, हे कसलं शास्त्र.

सुरुवातीला डोळे मिटवायला सांगते. पडद्यावर दहा हर्ट्झच्या आसपासची गोल, संथ अल्फा लय उमटते, डोळे उघडले की विरते. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये हीच लय जगापुढे ठेवली. सहभागी व्यक्तीला ती वळून दाखवतेच. आपल्या डोक्यातलं काहीतरी आपल्याच डोळ्यांनी बघताना लोकांचे चेहरे उजळतात.

३ ऑगस्ट

पावसाळी दमट हवा, खोली बंद. घामाने लहरीला सावकाश चढ-उतार येतात. एसी आधीपासून लावून ठेवायचा. खुर्चीजवळचा एक्स्टेंशन बोर्ड काढल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण बरीच बसली.

१९ ऑगस्ट

आज आलेल्या काकू शिक्षिका आहेत. चाचणीत तीन बटणं : 'आठवतोय', 'ओळखीचा वाटतोय', 'नव्हता'. एन्डेल टल्विंग यांनी १९८५ मध्ये हे वेगळेपण प्रयोगात आणलं. पहिलं बटण तेव्हाच दाबायचं जेव्हा शब्द दिसला त्या क्षणाचं काहीतरी सोबत आठवतं.

'लग्न' आला. काकूंनी 'आठवतोय' दाबलं. नोंद संपल्यावर मी ठरल्याप्रमाणे काही शब्दांबद्दल बोलले.

"लग्न? होता की. डावीकडे होता. सनईच्या नंतर लगेच. मला माझ्या लग्नातली सनई आठवली ना तेव्हा."

सनई खरोखर डावीकडे होती. लग्न कुठेच नव्हता. काकू काही दडवत नव्हत्या आणि अंदाजही करत नव्हत्या. त्यांना जागा, क्रम आणि सोबतची भावना, तिन्ही आठवत होतं. यादीचं सत्य सांगितल्यावर त्यांनी यादी स्वतः वर-खाली वाचली आणि म्हणाल्या, "मग मला दिसला तो कुठला?"

मला याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही. एवढं सांगितलं की आठवण म्हणजे साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढणं नव्हे, ती प्रत्येक वेळी तुकड्यांतून पुन्हा जुळवली जाते. जुळवताना शेजारचा तुकडा आत येतो, आणि आतून बघणाऱ्याला सांधा दिसत नाही.

८ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. ढोल-ताशांत शब्द लक्षात ठेवायला सांगणं बरोबर नाही. नोंदी थांबवल्या.

२४ सप्टेंबर

साफसफाई. टाळूवरची कच्ची लहर दहा-वीस मायक्रोव्होल्टच्या घरातली, पापणी लवली की शंभराच्या वर उसळी. आम्हाला हवा असलेला जुन्या-नव्यातला फरक मात्र जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. पापण्यांचा भाग स्वतंत्र घटकांचं विश्लेषण, म्हणजे एकत्र मिसळलेल्या लहरी सुट्या करायचं गणित, करून वेगळा काढला. शब्द दाखवताना ज्यांची नजर बाजूला गेली, ते शब्द डोळ्यांशेजारच्या इलेक्ट्रोडवरून ओळखून गाळले.

मग सरासरी. चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात गोंगाट कमी होतो. ३६ चाचण्यांची सरासरी घेतली तर तो सहावा हिस्सा उरतो, पण तेवढंच पुन्हा निम्म्यावर आणायला १४४ चाचण्या लागतात. म्हणूनच एका प्रश्नावर एका माणसाचा निवाडा करणारं यंत्र मला पटत नाही. एकेका चाचणीवरून अंदाज बांधणाऱ्या पद्धती आज आहेत, पण अंदाज चुकण्याची शक्यता त्यांच्यात गृहीतच धरलेली असते.

१६ ऑक्टोबर

पहिलं चित्र. डाव्या पार्श्विका भागावरचा पी३ इलेक्ट्रोड. खरे जुने शब्द, 'आठवतोय' : ५०० मिलिसेकंदांनंतर लहर वर चढते आणि तिथे टिकते. संबंध नसलेले नवे शब्द, 'नव्हता' : खालीच. तिसरी रेघ होती न दाखवलेल्या, पण 'आठवतोय' म्हटलेल्या शब्दांची. ती पहिल्या रेघेवर चढून बसली आहे. जाडी वेगळी ठेवली नसती तर दोन रेघा आहेत हे कळलं नसतं.

ड्यूझेल, टल्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच मांडलं होतं : 'आठवतंय' आणि 'ओळखीचं वाटतंय' या दोन अवस्थांच्या लहरी वेगळ्या पडतात, पण त्या अवस्थेतला शब्द खरा की खोटा याने फारसं बिघडत नाही. वाचलं होतं, तरी आपल्या याद्यांवर, आपल्या माणसांवर ते समोर आलं तेव्हा मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. काकूंनी आपल्या अनुभवाचं खरंच वर्णन केलं होतं आणि ही लहरही त्यांच्या अनुभवाचीच आहे. शब्द पडद्यावर होता की नव्हता, ते तिला माहीत नाही.

३० ऑक्टोबर

मॅडमशी बराच वाद झाला, चांगला वाद. कपाळामागच्या ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या फरकाला मी मसुद्यात 'ओळखीचं वाटण्याची खूण' लिहिलं होतं. मॅडमनी त्याखाली रेघ ओढली. केन पॅलर आणि जोएल व्हॉस यांचं म्हणणं असं की हा फरक अर्थ सहज हाती लागण्याचा असू शकतो, ओळखीचा नव्हे. कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवलेली एन४०० लहर, वाक्यात न बसणाऱ्या शब्दाला येणारी, याच वेळेतली आहे. आणि आमच्या याद्या तर अर्थाच्याच धाग्याने ओवलेल्या. मांडव, अक्षता, सनई वाचल्यावर 'लग्न'चा अर्थ मनात आयताच तयार असतो. म्हणजे आमच्या प्रयोगात हे दोन अर्थ वेगळे करायला जागाच नाही.

माझी बाजू मी सोडली नाही. लहानपणीच हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, इजा झालेल्या एका रुग्णावर ड्यूझेल यांनी २००१ मध्ये केलेल्या प्रयोगात आधीचा फरक शिल्लक होता, नंतरचा नव्हता. दोन प्रक्रिया वेगळ्या आहेत याला त्याने बळ मिळतं. "वेगळ्या आहेत एवढंच कळतं," मॅडम म्हणाल्या, "पहिलीचं नाव काय ठेवायचं ते त्यावरून ठरत नाही." हे बरोबर आहे. मसुद्यात आता फक्त वेळ आणि जागा लिहायची, आणि दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी मांडायचे.

चाचणीच्या रचनेचाही मुद्दा निघाला. १९९७ च्याच एका अभ्यासात जुने, फसवे आणि नवे शब्द वेगवेगळ्या गटांत विचारले तेव्हा खऱ्या-खोट्याच्या लहरींत फरक आला, मिसळून विचारले तेव्हा तो विरला. म्हणजे प्रश्न विचारायची रीत बदलली तर मेंदूचं उत्तरही बदलतं. आमची चाचणी मिसळलेली आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

२१ नोव्हेंबर

बाजूचा माग. डावीकडे पाहिलेल्या आणि उजवीकडे पाहिलेल्या शब्दांच्या लहरी मागच्या इलेक्ट्रोडवर एकमेकींतून वजा केल्या. सगळ्या सहभागींच्या एकत्रित सरासरीत खऱ्या शब्दांना बारीक पण सलग फरक दिसतो, फसव्यांना रेघ शून्याभोवती घुटमळते. दिशा २००० सालच्या प्रयोगासारखीच. पण फसव्या शब्दांच्या चाचण्या कमी आहेत, त्यामुळे त्यांची रेघ मुळातच जास्त थरथरते. 'फरक नाही' आणि 'फरक पकडता आला नाही' यांतलं अंतर राखूनच लिहावं लागेल. खऱ्या शब्दांतून तेवढ्याच चाचण्या पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि तुलना करायची, हे काम लावून दिलं आहे.

एकेका व्यक्तीचं चित्र उघडलं तर काहींत माग स्वच्छ, काहींत उलटा, काहींत काहीच नाही. उलटा आलेल्यांचीही स्मृती उत्तम होती. लेखात एकत्रित सरासरीशेजारी एकेका व्यक्तीच्या रेघा छापायच्या, असा आग्रह मी धरणार आहे. त्या रेघा पाहिल्यावर कुणी न्यायालयात अशा पुराव्याचं नाव काढताना दोनदा विचार करेल.

५ डिसेंबर

चिठ्ठ्यांचं गणित झालं. चाचण्या सारख्या करूनही खऱ्या शब्दांचा बाजूचा माग बहुतेक निवडींत टिकतो, पण आधीपेक्षा पुसट. पार्श्विका लहरीचं चित्र आहे तसंच.

पुढच्या फेरीसाठी याद्या वाढवायच्या, एका सहभागीला दोन दिवस बोलवायचं, म्हणजे फसव्या शब्दांच्या चाचण्या दुप्पट होतील. साठीपुढच्या लोकांनाही घ्यायचं, कारण वयाबरोबर खोटी ओळख वाढते आणि साक्षीदार काही नेहमी विशीतले नसतात. वकील सदस्यांना निकालाची प्रत पाठवली, त्यांना पी३ ची तीन रेघांची आकृती हवी होती. नावं आणि क्रमांक जोडणारा कागद ठरल्या तारखेला फाडायचा आहे. मराठी याद्या, शब्दांची चित्रं आणि मुलांनी भरलेल्या कागदांची मोजदाद कुणालाही वापरता यावी म्हणून खुली ठेवणार. नागपूर, कोल्हापूर, पणजी, कुठेही कुणी हेच करून पाहिलं आणि त्यांच्या रेघा आमच्याशी जुळल्या नाहीत, तर ते मला कळायला हवं.